मुंबईची गस्ती गाडी: निवड कशावरून होते आणि पट्टे, दिवे, रेडियम कसं ठरतं

प्रश्न असा आहे: एकाच पोलीस ठाण्याच्या आवारात बोलेरो, अर्टिगा, इनोव्हा अशा तीन तऱ्हांच्या गाड्या का दिसतात, त्या कशाच्या आधारे निवडतात, आणि अंगावरचे पट्टे, दिवे नुसते शोभेचे असतात का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. शोभेचे नसतात, पण चुकीचे लावले तर शोभेचेच उरतात. बाकीच्या प्रश्नांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मुंबईत गस्तीची गाडी पळते कमी आणि उभी जास्त राहते. नाक्यावर, नाकाबंदीत, मिरवणुकीच्या बाजूला, घटनास्थळी. इंजिन चालू, एसी चालू, वायरलेस चालू, टपावर दिवे फिरतायत आणि किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही. गाडीची जात, इंजिन, बॅटरी, अंगावरचं रेडियम हे सगळं या एका गोष्टीवरून ठरायला हवं. निविदेत मात्र बऱ्याचदा अश्वशक्ती आणि टॉप स्पीडचे आकडे आधी लिहिले जातात.

एकाच आवारात तीन तऱ्हा दिसतात, कारण त्या तीन वेगवेगळ्या खरेदींतून आलेल्या असतात. पैसा कधी राज्याच्या गृह विभागाचा, कधी केंद्राच्या पोलीस आधुनिकीकरण योजनेचा, कधी जिल्हा नियोजन समितीचा. २०२२ मध्ये निर्भया निधीतून मुंबई पोलिसांनी २२० बोलेरो, ३५ अर्टिगा, ३१३ पल्सर आणि २०० अ‍ॅक्टिव्हा घेतल्या. या प्रमाणातच शहराचा नकाशा दिसतो. चारचाकी २५५, तर दुचाकी ५१३. काळबादेवी, भेंडी बाजार किंवा धारावीच्या आतल्या गल्लीत कुठलीही जीप नेली तरी ती तोंडाशीच अडकते. तिथे बीट मार्शलची मोटारसायकलच आधी पोचते. चारचाकीचं काम माणसं आणि सामान नाक्यापर्यंत आणणं, आरोपीला किंवा जखमीला घेऊन जाणं आणि रस्त्यावर पोलीस आहेत हे दिसत राहणं. मागणी नोंदवणं, गाड्यांचं वाटप, देखभाल आणि शेवटी निर्लेखन हे सगळं मोटार परिवहन विभागाकडे असतं. बोलताना सगळे ‘एमटी’च म्हणतात. खरेदी आता मुख्यतः जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होते.

आता गाड्यांकडे. बोलेरो जुनाट दिसते यावर वाद नाही. लांबी ३,९९५ मिमी, म्हणजे चार मीटरच्या आत. त्यामुळे कर कमी, किंमत आटोक्यात. खाली शिडीसारखी चेसिस, वर सपाट पत्रा. दीड लिटर डिझेल, ७६ पीएस, २१० एनएम. खड्डा, दुभाजकाची कड, मिरवणुकीतली लाथ, सगळं सोसते आणि ठोकून सरळ होते. दरवाजे उंच आणि सपाट असल्याने अंगावर काठी, पट्टा, वॉकीटॉकी असलेला शिपाई पटकन उतरतो. मागची समोरासमोरची बाकं सामान आणि माणूस दोन्हींना चालतात, पण अपघातात तीच सर्वांत धोक्याची जागा. तिथे बसून बारा तासांची पाळी केलेल्या माणसाची कंबर विचारू नका.

अर्टिगा ४,३९५ मिमी लांब असूनही वळते छान. वळणाची त्रिज्या ५.२ मीटर. पेट्रोल इंजिन शांत, शहरात चालवायला हलकी. पण वेगळी चेसिस नाही, त्यामुळे वेगात दुभाजकावर चाक आपटलं की अलाइनमेंट, लोअर आर्म, कधी सबफ्रेम असा खर्च एकदम येतो. सीएनजी घेतली तर टाकी डिकी खाते आणि ढाली, हेल्मेट, कोन, स्ट्रेचर ठेवायला जागा उरत नाही. गस्तीच्या गाडीत सीएनजी घ्यायची की नाही, हे इंधनाच्या दरावरून ठरवू नका. डिकीतल्या सामानाची यादी समोर ठेवून ठरवा. इनोव्हा आरामात आणि टिकाऊपणात दोघींच्या पुढे, पण एका इनोव्हाच्या पैशात बोलेरो दोन येतात. म्हणून ती वरिष्ठांकडे आणि एस्कॉर्टला जास्त जाते. अटल सेतूसारखा रस्ता मात्र वेगळा. तिथे कारला ताशी १०० किमीची मर्यादा आहे. त्या वेगात धावणाऱ्या गाडीला गाठायचं तर उंच, डोलणारी बोलेरो चुकीची निवड ठरते. तिथे रुंद पायाची, चांगल्या ब्रेकची गाडी लागते.

इंजिनाच्या बाबतीत सगळ्यात मोठी गडबड बीएस-६ डिझेलची आहे. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला आत साधारण ५५० ते ६०० अंश तापमान लागतं, आणि ते सलग वेगात चालल्याशिवाय नीट येत नाही. नाक्यावर तासन्‌तास आयडलिंग करणारी गाडी काजळी साठवत राहते. पॅनेलवर दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, मग इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते आणि गाडी ऐन बंदोबस्तात लंगडते. दुसरं नुकसान दिसत नाही. फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल थोडं थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खुश होऊ नका. ते पातळ झालेलं ऑइल आहे, लगेच बदला. उपाय सोपा आहे पण तो रोस्टरमध्ये बसवावा लागतो. आठवड्यातून एकदा तरी गाडी ईस्टर्न किंवा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पहाटे वीस-पंचवीस मिनिटं ताशी ६०च्या वर, वरच्या गिअरमध्ये सलग चालवायची. दिवा लागलेला असताना मधेच बंद करायची नाही. ज्या ठाण्याच्या हद्दीत असा रस्ताच नाही, तिथे डिझेल देऊच नये.

सर्व्हिसचा हिशेबही किलोमीटरवर लावला तर फसतो. अमेरिकेत फोर्ड आपल्या पोलीस गाड्यांसाठी एक ठोकताळा देते: एक तास आयडलिंग म्हणजे सुमारे ३३ मैल, आपल्या भाषेत ५३ किमी चालल्याइतकी इंजिनाची झीज. लॉगबुकात दिवसाचे ६० किमी आणि पाच तास उभं राहणं असेल, तर इंजिनाच्या लेखी ते ३२५ किमी आहेत. दहा हजारांवर ऑइल बदलू असं ठरवलं तर कागदोपत्री साडेपाच महिने निघतात. खरं तर महिन्याभरातच वेळ आलेली असते. म्हणून गाडीला तासांचा मीटर बसवून घ्यावा, आणि निविदेतच सर्व्हिस ‘किलोमीटर किंवा इंजिन-तास, जे आधी होईल ते’ अशी लिहून घ्यावी. एकाच गाडीवर दोन-तीन चालक फिरतात, प्रत्येकाची क्लचची सवय वेगळी. चढावर किंवा रांगेत हाफ क्लचवर उभं राहायची सवय असेल तर क्लचप्लेट मुदतीच्या फार आधी जाते.

पावसाळ्याचं एकच सांगतो. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. हवेच्या नळीतून सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करा. भरतीच्या वेळचं पाणी खारं असतं, म्हणून नंतर गोड्या पाण्याने अंडरबॉडी धुणं आणि व्हील बेअरिंग, हँडब्रेकच्या केबल तपासणं टाळू नये.

आता अंगावरचं काम. मूळ रंग पांढरा ठेवण्यामागे तीन साधी कारणं आहेत: कारखान्यातून तयार मिळतो, उन्हात कमी तापतो, आणि ठोकलेला दरवाजा बदलला तर शेड जुळवायला त्रास नाही. पट्टे मात्र रंगाने काढू नयेत, फिल्मने काढावेत. साधा रंग रात्री दिसत नाही. ज्याला आपण दुकानात रेडियम म्हणतो ती परावर्तक फिल्म समोरच्याच्या हेडलाइटचा प्रकाश उलट त्याच्याच डोळ्यांकडे पाठवते. यासाठी स्वतःच्या गाडीचे दिवे चालू असायची गरज नाही. एक्स्प्रेस हायवेच्या कडेला बॅटरी बसलेली गस्ती गाडी उभी असेल तेव्हा तिला मागून येणाऱ्या डंपरपासून वाचवणारी ही एकमेव गोष्ट असते.

म्हणून पैसा कमी असेल तर आधी मागची बाजू करा. इथेच बहुतेक ठिकाणी उलट होतं. दारांवर मोठे झोकदार पट्टे आणि मागच्या दारावर स्टेपनीच्या कव्हरवर एक छोटंसं चिन्ह. उभ्या गाडीला ठोकर मागून बसते. मागच्या दारावर, बंपरवर लाल-पिवळे तिरके पट्टे, प्रत्येकी १०० ते १५० मिमी रुंद, ४५ अंशांत, टोक वर मध्याकडे जाणारं. शिवाय गाडीच्या मागच्या कडांना पातळ बाह्यरेषा, म्हणजे अंधारात रुंदीचा आणि अंतराचा अंदाज येतो. लाल परावर्तक फक्त मागे. पुढे पांढरा, बाजूला पिवळा किंवा पांढरा. पुढे लाल चमकलं तर समोरच्याला वाटतं गाडीची पाठ आपल्याकडे आहे.

बाजूच्या चौकटी पट्ट्यांचा उगम ब्रिटनचा. १९९०च्या दशकात तिथल्या गृहखात्याच्या संशोधन शाखेने निळ्या-पिवळ्या चौकटींची रचना केली. दिवसा ५०० मीटरवरून गाडी पोलिसांची आहे हे ओळखू यावं असा हेतू. ती नक्कल करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. चौकट मोठी हवी, तिथे ती साधारण ६०० बाय ३०० मिमीची असते. लहान चौकटी लांबून एकमेकींत मिसळतात आणि गाडी उठून दिसण्याऐवजी मागच्या गर्दीत विरघळते. दुसरं, साधा गडद निळा रात्री काळाच दिसतो. निळाही परावर्तक घ्या, नाहीतर त्याला १५ मिमीची पांढरी परावर्तक कड द्या.

फिल्मचा प्रकार दारावर हात फिरवून ठरवा. सपाट पत्र्यावर साधारण ७५-८० मायक्रॉनची कॅलेंडर्ड फिल्म चालते. खाचा, उंचवटे असतील तिथे ५० मायक्रॉनची कास्ट फिल्म लागते, ती ताणली तरी परत आकसत नाही. सर्वांत चमकणारी प्रिझमची फिल्म ताठ असते, ताणतच नाही. ती दाराच्या मोल्डिंगवरून किंवा रिव्हेटवरून तशीच ओढून चिकटवली की खाली पोकळी राहते. पहिल्या पावसात तिथे पाणी शिरतं, दुसऱ्यात ती कड उघडते. अशा ठिकाणी फिल्म उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना कापून दोन तुकड्यांत लावायची.

लावताना क्रम असा. गाडी धुवून पूर्ण वाळवा. दाराच्या सांध्यांत लपलेलं पाणी सर्वांत घातक, म्हणून शक्यतो एक दिवस सावलीत. नवा रंग मारला असेल तर किमान आठ-पंधरा दिवस थांबा, नाहीतर रंगातून निघणारी वाफ फिल्मखाली बुडबुडे करते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश, सिलिकॉन, डॅशबोर्डचा स्प्रे यांचा अंशही नको. पत्रा १८ ते ३५ अंशांदरम्यान हवा. मे महिन्याच्या दुपारी उन्हातल्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तिथे फिल्म लागली तरी चिकटवताच अडकते, सरकवता येत नाही. परावर्तक फिल्म कोरडीच लावा. साबणाच्या पाण्यावर लावणं सोपं वाटतं, पण मुंबईच्या दमट हवेत ते पाणी आत अडकून राहतं. स्क्वीजी, म्हणजे फिल्म दाबायची पट्टी, मध्यापासून कडांकडे, प्रत्येक ओढ आधीच्या ओढीवर थोडी चढवून. दाराच्या कडेपासून ३ ते ५ मिमी अलीकडे थांबा. कड दुमडून आत नेली की दार प्रत्येक वेळी आपटताना ती उचकटते, आणि गस्तीच्या गाडीचं दार दिवसाला शेकडो वेळा आपटतं. कोपरे टोकदार ठेवू नका, दहा मिमी त्रिज्येचे गोल करा. शेवटी कडांना एज सीलर. चोवीस तास धुवायची नाही. पुढेही प्रेशर वॉशरची नळी फुटाहून जवळ आणायची नाही, आणि कडेवर तिरका मारा तर कधीच नाही.

देवनागरी अक्षरांचं काम रोमनपेक्षा अवघड आहे आणि तिथे रेडियमवाले हमखास चुकतात. ‘पोलीस’ लिहिताना वेलांटी आणि मात्रा वर जातात, त्यामुळे २०० मिमीच्या पट्टीत मूळ अक्षराला १३०-१४० मिमीच मिळतात. वाचनीयता त्या १३०वर ठरते, म्हणून उंची मोजताना शिरोरेषेखालचं अक्षर मोजा. फाइल कटिंगला पाठवताना अक्षरं आउटलाइनमध्ये बदला, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘महाराष्ट्र’ मधला जोडाक्षराचा भाग सुटा पडतो. आणि आउटलाइन केल्यावर सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या रेषेवर किंचित चढलेली असते. वेल्ड केलं नाही तर प्लॉटर प्रत्येक सांध्यावर आडवा काप मारतो आणि सहा महिन्यांत शिरोरेषा तिथून तुकड्या-तुकड्यांनी उठते. पातळ फाँट टाळा. ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आणि पंचकोनी ताऱ्याचं बोधचिन्ह बाजूला एकदाच, नेमक्या मापात लावा. मूळ फाइल विभागाकडून घ्या, इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र मोठं करू नका. गाडीचा क्रमांक किंवा कॉल साइन (वायरलेसवरचं तिचं नाव) चारही बाजूंना आणि टपावर हवी. उंच इमारतीतून किंवा ड्रोनमधून बघणाऱ्याला फक्त टप दिसतो.

दिव्यांचा कायदा स्पष्ट आहे. १ मे २०१७ पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे दिवे गेले. पोलीस, अग्निशमन, आपत्ती व्यवस्थापन अशा तातडीच्या कामाच्या गाड्यांना लाल-निळा-पांढरा बहुरंगी दिवा ठेवता येतो. सायरनची मुभाही केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११९व्या नियमात पोलिसांना कर्तव्यावर असताना दिलेली आहे. लाल आणि निळा दोन्ही कशाला? दिवसा लाल चांगला कळतो. रात्री डोळा निळ्याला जास्त दाद देतो, आणि मुंबईच्या रांगेत लाल टेललाइट तर शेकडो असतात, त्यात निळाच वेगळा पडतो. उभ्या गाडीवर रात्री पूर्ण तीव्रतेचा फ्लॅश ठेवू नये. येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि शेजारी उभा असलेला शिपाईच दिसत नाही. मंद मोड असलेला लाइटबार घ्या.

खरा घोळ वायरिंगचा. अमेरिकेत पोलिसांसाठी मोठ्या अल्टरनेटरची, जास्त कूलिंगची वेगळी गाडीच कारखान्यातून मिळते. आपल्याकडे बहुतांशी तुमची-आमचीच गाडी घेऊन वर सामान चढवलं जातं. तोंडी हिशेब करा: लाइटबार ८ अँपिअर, एमडीटी (कॉलची माहिती दाखवणारा गाडीतला पडदा) आणि जीपीएस २, वायरलेस ऐकण्यावर १, आतले दिवे आणि चार्जर ३. चौदा झाले. इंजिन बंद ठेवून दोन तास नाकाबंदी केली की २८ अँपिअर-तास गेले. ६०च्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा जीव. २५ वॉटचा वायरलेस बोलताना आणखी पाच-सहा ओढतो, १०० वॉटचा सायरन आठ-दहा. रोज असं झालं तर बॅटरी वर्षभरातच बसते. यावर ११.८ व्होल्टला बाकी सगळं तोडणारा कटऑफ बसवा, फक्त वायरलेस त्याच्या बाहेर ठेवा. ११२चा कॉल एमडीटीवर येतो खरा, पण पडद्याला नेटवर्क लागतं. वायरलेस शेवटपर्यंत जिवंत राहिला पाहिजे.

मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले. सिगारेट लायटरच्या किंवा पार्किंग लाइटच्या वायरीला टाके मारून घेतलेलं कनेक्शन दिसलं की समजावं, आग तिथूनच लागणार. दिवे, सायरन, वायरलेस वेगळ्या निविदेने घेतले असतील तर वायर जळाल्यावर गाडीवाला वॉरंटी नाकारतो आणि दिवेवाला गाडीवाल्याकडे बोट दाखवतो. म्हणून शक्य असेल तर फिटिंगसह एकच जबाबदारी ठेवा.

व्हीएचएफ अँटेना टपाच्या मध्यावर, चारही बाजूंना सारखा पत्रा मिळेल अशी. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चौथाई तरंगाची काठी साधारण अर्धा मीटर येते. लाइटबारला चिकटून बसवली तर दोन त्रास: पत्र्याचा आधार असमान होतो, आणि स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा गोंगाट वायरलेसमध्ये घुसतो. तपासणी सोपी आहे. वायरलेसचा स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडा आणि लाइटबार चालू-बंद करा. खरखर बदलली तर लाइटबार बदला.

बुलेटप्रूफ गाड्यांचा विषय २६/११ नंतर आला आणि त्याचं गणित वजनाचं आहे. साडेसहा मिमीच्या पोलादाचा एक चौरस मीटर म्हणजे ५१ किलो, ४० मिमी काचेचा चौरस मीटर १०० किलो. आठ चौरस मीटर पोलाद आणि दोन चौरस मीटर काच म्हणजे ६०० किलोच्या वर. मूळ स्प्रिंग, ब्रेक, दाराच्या बिजागऱ्या तशाच ठेवून केलेलं चिलखतीकरण पैसे बुडवणं आहे.

खाजगी गाडीवर ‘पोलीस’ लिहिलेली पाटी किंवा रेडियम लावायचा हक्क पोलिसालाही नाही, त्याच्या नातेवाइकाला तर नाहीच. लोखंडी बुलगार्डही नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरुद्ध असल्याचं राज्यांना कळवलं आहे. पादचाऱ्याला धोका आहेच, शिवाय धडक थेट चेसिसवर जाते आणि एअरबॅगची वेळ चुकते.

गाडी कंडम करतानाही थोडं काम उरतं. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकरण होत नाही. सूट फक्त देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठीच्या चिलखती आणि विशेष गाड्यांना. त्याआधी लिलावाला काढली तर लाइटबार, सायरन, वायरलेस, अँटेना, एमडीटी काढून नोंद करून जमा करायचं, टपाची भोकं बुजवायची. फिल्म हीट गनने गरम करून, कडेपासून कमी कोनात सावकाश ओढायची. थंड ओढली तर गोंद आणि रंग दोन्ही निघतात. तरीही उन्हात बाजूचा पत्रा पिवळट आणि फिल्मखालचा पांढरा राहिल्याने ‘पोलीस’ ही अक्षरं तिरक्या उजेडात वाचता येतात. तेवढी दारं रबिंग-पॉलिश करा, भागलं नाही तर पुन्हा रंगवा आणि मगच गाडी आवाराबाहेर जाऊ द्या.